हायड्रोजनच्या बाई

बाईंच्या घरात भाडेकरू म्हणून शिरण्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. लग्न झालंय का, नोकरी कुठे, जेवणखाण काय, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी गॅलरीतून माझी गाडी पाहिली होती. हिरव्या पाटीची, विजेवर चालणारी. दार उघडून त्या म्हणाल्या, "बॅटरीवरचीच का घेतलीस? कारण दे."

मी म्हटलं, धूर सोडत नाही म्हणून.

"सोडत नाही की तुला दिसत नाही?" असं विचारून त्यांनी माझं गाव कुठलं ते काढून घेतलं. मी विदर्भातली, औष्णिक वीज केंद्राच्या गावची. ते ऐकल्यावर बाईंचा चेहरा असा खुलला, जणू परीक्षार्थ्याने आपण होऊन चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, म्हणजे तुझी गाडी इथे पुण्यात, धायरीत स्वच्छ आणि तिची राख तुझ्या आईच्या दोरीवर. ते खरं होतं. माझी आई वाळलेले कपडे घडी घालायच्या आधी दोनदा झटकते. मी तसं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, उत्तर चूक आहे पण मुलगी खोटं बोलत नाही, आणि शेजारच्या, त्यांच्याच दुसऱ्या फ्लॅटची किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढे आठ-पंधरा दिवसांनी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय गं, आईच्या दोरीवर काय म्हणतेय राख?" जसं कुणी गावाकडच्या पावसाचं विचारतं तसं. एकदा त्यांनी माझ्याकडून आईचा नंबर घेतला आणि त्यानंतर त्या दोघी माझ्या मागे काय काय बोलत असत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई एका मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण प्रश्नपत्रिका त्यांच्या तोंडातून निवृत्त झाली नव्हती. भाजीवाल्यासमोर दोन जुड्या धरून त्या म्हणत, "फरक स्पष्ट करा." सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी पाणीपट्टीचा विषय काढला की, "थोडक्यात उत्तरे लिहा." आणि त्यांच्या मालकीच्या दुसऱ्या पार्किंगच्या जागेवर, जिथे कुठलीच गाडी उभी नसायची, त्यांनी पांढऱ्या रंगाने सुबक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: "ही जागा रिकामी नाही. हायड्रोजनच्या गाडीसाठी आहे."

पुण्यात पार्किंगची जागा मोकळी ठेवणं हा गुन्हा नसला तरी लोक तसं मानतात. एका शेजाऱ्याने पाहुण्यांची गाडी तिथे लावली तेव्हा बाई खाली उतरल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पाहुण्यांना अत्यंत आदराने विचारलं, "यात आपण हायड्रोजन कुठून भरता?" पाहुणे निमूटपणे गाडी रस्त्यावर घेऊन गेले. सोसायटीतली मुलं त्यांना हायड्रोजनच्या बाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

या हट्टाचं कारण मला बऱ्याच दिवसांनी समजलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्या आठवीच्या वर्गात जस्तावर आम्ल ओतून हायड्रोजन करून दाखवत होत्या. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'फट्' असा आवाज होतो आणि नळीच्या आतल्या अंगाला पाण्याचं बारीक दव धरतं. मुली ओरडल्या, हसल्या, आणि एकीने विचारलं, बाई, याचा उपयोग काय? बाईंनी सांगितलं की एक दिवस यावर गाड्या चालतील, तुम्ही चालवाल आणि मीही चालवीन. त्यानंतर दर वर्षी, दर तुकडीला, त्यांनी हेच सांगितलं. मला त्या म्हणाल्या, "वर्गात सांगितलेलं खोटं पडू द्यायचं नसतं गं. मुली मोठ्या होतात, विसरतात, तो त्यांचा हक्क आहे. मला नाही विसरता येत." गाडी आली की ऐन वेळी धावपळ नको म्हणून त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सही काढून ठेवलं होतं. मुदत संपली की नूतनीकरण करायच्या. परीक्षेच्या दिवसानंतर मात्र त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

बाईंच्या बाबतीत खरी गंमत अशी होती, की त्यांच्या घरात एक गाडी होती आणि ती पेट्रोलची होती. ती काकांची.

काका म्हणजे बाईंचे यजमान. चिंचवडकडच्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य कार्ब्युरेटर बनवण्यात गेलं होतं. हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला पाजणारा तो भाग. आता नव्या गाड्यांमध्ये तो नसतोच. काकांची जुनी पांढरी गाडी कार्ब्युरेटरच्या शेवटच्या पिढीतली. रविवारी ते ती धुवायचे, बॉनेट उघडून कान लावायचे आणि पुन्हा मिटायचे. काका फार थोडं बोलत. मी एकदा त्यांना विचारलं होतं की आपण केलेली वस्तू जगातून नाहीशी होताना कसं वाटलं. ते म्हणाले, "काही नाही. सोमवारी दुसरा साचा लावला."

बाई त्या गाडीत नेहमी मागच्या सीटवर बसायच्या, काच खाली करून, नाकाशी रुमाल धरून. काका पुढे एकटे, ड्रायव्हरसारखे. याचं कारण विचारलं तर म्हणायच्या, पेट्रोलच्या गाडीत मी प्रवासी आहे, भागीदार नाही.

संध्याकाळी चहाला मी त्यांच्याकडे जाऊ लागले आणि त्या टेबलावर तीन इंधनांची भांडणं रंगू लागली. माझी नोकरी बॅटरीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत, त्यामुळे विजेची बाजू माझ्याकडे आपोआप आली. मी बाईंना सांगायची की तुमचा हायड्रोजन आकाशातून पडत नाही. तो नैसर्गिक वायूपासून काढला तर कार्बन आलाच, आणि विजेने पाणी फोडून काढला तर ती वीज आधी पाणी फोडण्यात, मग वायू दाबण्यात, मग वाहून नेण्यात वाटेतच सांडते; त्यापेक्षा ती सरळ माझ्या बॅटरीत भरा. बाई म्हणायच्या, आणि तुझी बॅटरी बनवायला कुठल्या कुठल्या देशातल्या खाणी खणतेस, ती संपली की कुठे पुरतेस, तेही लिही. अर्ध्या उत्तराला अर्धेच गुण. मग दोघी मिळून काकांकडे वळायचो. काका बिस्किट चहात बुडवत म्हणायचे, "पंपावर गेलो, भरलं, आलो. तुमचं चालू द्या." बाईंचा शेवटचा मुद्दा ठरलेला असे. जळून ज्याचं पाणी होतं असं दुसरं काही मला दाखव, असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की पुढे वाद घालणं असभ्यपणाचं वाटे.

मग शहरात हायड्रोजनवर धावणारी एक बस प्रयोगादाखल आली. बाईंनी पेपरात वाचलं, कपाटातली ठेवणीतली नारायणपेठी काढली आणि आम्हा दोघांना बरोबर घेतलं. मी रजा टाकली. काका पेट्रोलच्याच गाडीतून आम्हाला घेऊन गेले.

बस नवी कोरी, निळसर पांढरी. बाई तिच्यासमोर बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. बरोबरच्या तरुण इंजिनिअरने माहिती द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि पाणी कुठून पडतं एवढंच विचारलं. त्याने मागच्या बाजूची एक नळी दाखवली. बाईंनी पर्समधून स्टीलचं फुलपात्र काढलं, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि ते नळीखाली धरलं. थेंब पडत होते. तळ झाकला गेला, मग जरा आणखी. बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. तो मुलगा घाबरून मला म्हणाला की मॅडमना सांगा, हे पिण्यासाठी तपासलेलं नाही. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "बेचव." देवळात तीर्थ घेतल्यानंतर जो चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. सगळ्या तुकड्यांमधल्या सगळ्या मुली त्यांच्या मागे उभ्या असाव्यात, असं मला वाटलं.

फुलपात्र त्यांनी घरापर्यंत मांडीवर धरून आणलं. त्या दिवशीही मागच्या सीटवरूनच. घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. संध्याकाळी मी चहाला गेले तर फुलपात्र पालथं घातलेलं, आणि बाई काकांकडे बघत बसलेल्या. काकांनी ते पाणी खाली नेऊन आपल्या गाडीच्या बॅटरीत घातलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बॅटरीतलं पाणी कमी झालं होतं, तिला शुद्ध पाणी लागतं आणि घरात शुद्ध पाणी होतं. मला वाटलं, आता मोठं काहीतरी होणार. पण बाईंच्या ओठांचे कोपरे हलायला लागले आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. काकाही हसले, पण आपण नक्की काय केलं हे न कळल्यासारखे.

त्याच आठवड्यात बाईंनी मला त्या राखीव जागेत गाडी लावायची आणि चार्जिंगची जोडणी घ्यायची परवानगी दिली. "तात्पुरती," त्या म्हणाल्या. आमचं नुसतं घरमालकीण-भाडेकरूचं नातं तिथेच संपलं असावं.

काकांची मूत्रपिंडं कधीपासून हळूहळू खराब होत होती. डॉक्टरांनी डायलिसिसला पर्याय नाही असं सांगितलं आणि एक दिवसाआड दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. काका स्वतः गाडी चालवत जायचे आणि स्वतःच चालवत यायचे. बाई मागे. मी म्हटलं, मी सोडत जाईन. दोघांनीही ते उडवून लावलं. कॅबवाले अंतर ऐकून नाही म्हणत आणि रिक्षातल्या धक्क्यांनी काकांच्या सुया टोचलेल्या हाताला त्रास व्हायचा.

एके दुपारी परत येताना, सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाच्या अलीकडे, काकांनी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. त्यांचा पाय उचलेना. शुद्धीवर होते, बोलत होते, पण अंगातून सगळी ताकद ओसरून गेली होती. मागे हॉर्न सुरू झाले. बाई खाली उतरल्या. लायसन्स पर्समध्ये होतं आणि चालवता येत नव्हतं. त्या गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, शाळेच्या सहलीत मुली रस्ता ओलांडताना राहत तशा, आणि सिंहगड रस्त्याची ती अख्खी दुपार त्यांनी अडवून धरली. शेवटी एका दुचाकीवाल्या मुलाने गाडी कडेला घेऊन दिली. बाईंनी मला फोन केला. मी पोचले तेव्हा काका पुढच्या सीटवर डोळे मिटून होते आणि बाई पदराने त्यांना वारा घालत होत्या. त्यांचा हात थांबत नव्हता. मी गाडी घरी आणली. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "मी भागीदार नाही असं म्हणत होते," एवढंच.

संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. मला शिकव, म्हणाल्या.

माझ्या गाडीत क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, म्हणून तिच्यावरच शिकवायचं ठरलं. धायरीच्या मागच्या अंगाला, नव्या प्लॉटिंगच्या मोकळ्या रस्त्यांवर आम्ही सकाळी जायचो. बाई उत्तम विद्यार्थिनी निघाल्या. सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. थोड्याच दिवसांत त्या मला शेजारी बसवून काकांना दवाखान्यात नेऊ लागल्या, मग एकट्या नेऊ लागल्या, आणि मला वाटलं की प्रश्न सुटला. खरं सांगायचं तर मला थोडी विजयाची भावनाही झाली होती. तीन इंधनांच्या भांडणात निकाल माझ्या बाजूने लागला होता.

पण एकदा परतल्यावर बाईंनी मला गाडीतच थांबवलं. काका वर गेले होते. त्या म्हणाल्या, ह्यांना या गाडीत बरं वाटत नाही. मी विचारलं, काका तसं म्हणाले का? म्हणाले नव्हते, ते कधीच काही म्हणत नसत. पण बाईंनी पाहिलं होतं की पूर्ण रस्ताभर ते दाराची मूठ धरून बसतात आणि उतरताना त्यांना मळमळतं. माझी गाडी पाय ठेवला की एकदम सुटते आणि उचलला की आपोआप मंदावते, ही तिची खुबी. कमजोर पोटाला ती सोसत नाही. ते कमी करायची सोय गाडीत असते, आणि ती मी लगेच करूनही दिली. बाईंनी मान हलवली.

"तेवढंच नाही," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर ह्यांना आवाजावरून कळत आलंय की गाडी आता काय करणार आहे. इथे त्यांना काहीच कळत नाही. मशीनला बांधून घेऊन चार तास पडून राहायचं, आणि मग परत येतानाही आपल्याला कुठे, कसं नेतायत ते कळू नये. नको."

दुसऱ्या दिवसापासून त्या काकांच्या गाडीवर शिकू लागल्या. शिकवायला काका.

मी गॅलरीतून बघायची. सत्तरीकडे झुकलेल्या, क्लच कधीच विसरून गेलेल्या बाई स्टिअरिंगवर. डाव्या बाजूला काका, हाताला पट्टी, उजवा हात हॅन्डब्रेकच्या वर अलगद धरलेला. गाडी चार पावलं उड्या मारत जायची आणि बंद पडायची. पुन्हा सुरू व्हायची. एका सकाळी मी मागे बसून गेले. कालव्याच्या पुलावरच्या चढावर बाईंनी गाडी तिसऱ्यांदा बंद पाडली तेव्हा मागून टेम्पो ओरडत होता आणि बाईंच्या मानेवर घाम आला होता. काका अजिबात घाईत नव्हते.

"अगं, तिचा आवाज ऐक. ती सांगते कधी सोडायचा क्लच."

"मला नाही ऐकू येत हो."

"मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू यायची ना तुला? तसंच आहे."

बाईंनी डोळे मिटले. चढावर, मागे टेम्पो असताना. इंजिनाचा आवाज जरासा खाली बसला, गाडीचं नाक उचललं गेलं, आणि काकांनी हॅन्डब्रेक सोडला. आम्ही पुलावर चढलो. काका इतकंच म्हणाले, "हं." तसा 'हं' त्यांनी बॉनेट मिटताना अनेकदा काढलेला मी ऐकला होता.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं बाईंनी काकांना पेट्रोलच्या गाडीतून नेलं-आणलं. काचा बंद असायच्या, कारण काकांना वारा सोसत नसे. रुमाल कुठे गेला कुणास ठाऊक. चहाच्या टेबलावरचे वाद चालूच राहिले, काकाही बिस्किट बुडवत ऐकत राहिले, जरी चहा त्यांना मोजकाच मिळे. परतीच्या वाटेवर ते डोळे मिटून बसत आणि मध्येच, गिअर छान पडला की, न बघता मान डोलावत. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या स्वरात पहिल्या नंबराने आलेल्या मुलीचा अभिमान होता.

काका गेले ते घरी, झोपेत. मी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते. परत आले तेव्हा बाई नीटनेटक्या बसल्या होत्या आणि आलेल्यांना पाणी देत होत्या. पुढे महिन्याभराने काकांच्या कारखान्यातले एक सहकारी, जे लोणी काळभोरला राहतात, ती गाडी मागायला आले. त्यांना अजून कार्ब्युरेटर उघडता येत होता. बाईंनी ती स्वतः चालवत त्यांच्या दारात नेऊन दिली आणि बसने परत आल्या. दोन बस बदलाव्या लागल्या, म्हणाल्या. 

मला वाटलं, आता त्या पुन्हा हायड्रोजनची वाट बघत बसतील. माझीही बदली झाली होती. मी बंगळूरला गेले. फोनवर त्या बातम्या विचारायच्या, हायड्रोजनच्या गाड्यांचं कुठवर आलं, कंपन्या काय म्हणतात. मी खरं ते सांगायची: ट्रकसाठी, लांबच्या बससाठी कदाचित; छोट्या गाडीसाठी लवकर नाही. "बरं," म्हणायच्या.

मग एक दिवस त्यांचा फोन आला की मला एक विजेवरची गाडी घ्यायची आहे, कुठली घेऊ. मी कारण विचारलं. दवाखान्यात काकांच्या शेजारच्या खाटेवर धायरी गावातल्या एक मावशी असायच्या. मुलगा शिफ्टमध्ये, सून तान्ह्या बाळाची. मावशी येता-जाता बसने प्रवास करायच्या आणि परतताना थांब्यावर जमिनीवरच बसून राहायच्या. गाडी देऊन टाकल्यावर बाईंनी त्यांना दोनदा रिक्षाने पोचवलं होतं. आता त्यांना नेमाने न्यायचं ठरवलं होतं.

न राहवून मी विचारलं, बाई, आणि वर्गात दिलेला शब्द?

"हायड्रोजन येईल," त्या म्हणाल्या. "हिचं डायलिसिस उद्या आहे."

गेल्या उन्हाळ्यात मी पुण्याला आले तेव्हा बाईंनी मला दवाखान्याच्या दारातच बोलावलं. मावशींना धरून आणलं, मागे आडवं होता येईल असं बसवलं, पायावर शाल टाकली. मावशी मला म्हणाल्या, "तुमच्या बाईंची गाडी लई गुणाची हाय. आवाज न्हाई, काय न्हाई." आणि राजाराम पुलाच्या पुढे जाईपर्यंत त्या गाढ झोपल्या. मी नव्या बॅटऱ्यांविषयी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी आरशातून मागे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. त्या फार हळुवार चालवत होत्या. गतिरोधक आला की लांबूनच पाय उचलायच्या, गाडी जणू पाण्यातून जातेय अशी.

धायरी गावातल्या गल्लीच्या तोंडाशी, लिंबाच्या सावलीत, त्यांनी गाडी थांबवली. मी मावशींना उठवायला वळले. बाईंनी माझा हात धरला.

"राहू दे. घरी गेली की बाळ रडतं, हिला झोप मिळत नाही."

एसी चालू होता, तरी गाडी अगदी निःशब्द. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मावशींच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मी खुणेने विचारलं, किती वेळ? बाईंनी खांदे उडवले, स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर घेतले, आणि सीटला डोकं टेकून तो आवाज ऐकत बसल्या.